म्हशीपुढे इंग्रजी

रुद्राप्पा गवळ्याचं हसणं कोल्हापूरच्या अख्ख्या गवळी गल्लीला ठाऊक होतं. ते एकदा सुटलं की दावणीच्या म्हशी दचकायच्या आणि शेजारच्या घरातलं तान्हं मूल जागं व्हायचं. माणूस मनानं लोणी, पण हसू यायला लागलं की वेळकाळ बघायचा नाही. मयताच्या बैठकीतून त्याला दोनदा बाहेर काढलं होतं, आता बोला.

त्र्याहत्तर सालच्या जूनमध्ये त्याची भाची रत्नव्वा नेसरीपलीकडच्या वाडीतून त्याच्याकडे शिकायला आली. वाडीतली शाळा चौथीला संपायची. पोरगी घरात कानडी बोलायची, बाहेर मराठी, आणि दोन्हींत तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालायचा. कोल्हापुरात पाचवीला इंग्रजी लागलं आणि पट्टा बंद पडला. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीच्या तासाला तिला "आय ॲम गोइंग टू द डोअर" असं म्हणत वर्गाच्या दाराकडे चालत जायचं होतं. ती म्हणाली, पोरं फिदीफिदी हसली, आणि रत्नी जी दारातून बाहेर पडली ती थेट घरी आली.

"काय म्हणलीस म्हणून हसली गं?" मामानं विचारलं. "म्हणून दाव की मला."

तिनं भाबडेपणानं म्हणून दाखवलं. झालं! रुद्राप्पा हसला तो हातातली कपबशी सांडेपर्यंत. त्या दिवसापासून रत्नीनं इंग्रजीपुरतं तोंडाला कुलूप लावलं.

तिच्या वर्गाच्या बाई, सुलतानबी बागवान, रुद्राप्पाकडेच दुधाला यायच्या. एकदा भांडं पुढे करत त्या म्हणाल्या, "पोरगी वहीत सगळं बरोबर लिहिते, पण तोंड उघडत नाही. बाहेरगावची सात मुलं आहेत वर्गात, सातही गप्प. मी बाकीच्यांना रोज सांगते, हसायचं नाही, ती नवीन आहेत अजून. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर तोंडी परीक्षा आहे. तेव्हाही गप्प राहिली तर हेडमास्तर म्हणतात, गावी परत पाठवा. घरी तिचं कुणीतरी रोज ऐकायला हवं. चुका काढणारं नको, नुसतं ऐकणारं."

"मी हाय की!"

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "न हसणारं," त्या म्हणाल्या आणि भांडं उचलून चालू लागल्या.

रुद्राप्पाला ते लागलं. बहिणीला त्यानं शब्द दिला होता, पोरीला शिकवून मोठी करीन म्हणून. त्या संध्याकाळी तो तोंडात टॉवेल कोंबून रत्नीसमोर बसला. तिनं कसंबसं एक वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं, आणि तिसऱ्याला टॉवेल अंगणात जाऊन पडला. रत्नी उठून गोठ्यात गेली. पुढे ती रोजच गोठ्यात जायला लागली, तेव्हा मामाला वाटलं पोरीला चंद्रीचा लळा लागला. मामी मात्र वेगळ्याच घोरात होती. डब्यातला गूळ भराभर संपत होता आणि ती बिचारी मुंगळ्यांना शिव्या देत होती.

चंद्री म्हणजे रुद्राप्पाची लाडकी म्हैस. दिवाळीच्या पाडव्याला गवळी आपल्या म्हशींची शिंगं रंगवतात, गळ्यात कवड्या आणि घुंगरं बांधतात आणि वाजतगाजत नदीवर नेतात. तिथं मालकानं लांब उभं राहून हाक मारायची. म्हशीनं गर्दीतून त्याच्याकडे धावत यायचं आणि पुढचे पाय मुडपून मुजरा करायचा. मागच्या वर्षी मानाचा फेटा गल्लीतल्याच केरबा गवळ्याच्या म्हशीनं नेला होता. तेव्हा चहाच्या टपरीवर रुद्राप्पा बोलून बसला होता, "औंदा फेटा माझ्या डोक्याला बसला न्हाय तर मिशी उतरवीन!" आणि मिशी काय साधीसुधी होती? तिच्यासाठी घरात वेगळं तूप असायचं.

पाडवा चार दिवसांवर आला. रुद्राप्पानं सरावाला हाक मारली, "चंद्रेऽऽ, ये गं!" चंद्री रवंथ करत राहिली. दहा हाका झाल्या, घसा बसला, म्हैस जागची हलेना. ही केरबाचीच करणी, असं म्हणून त्यानं नृसिंहवाडीचा अंगारा लावला आणि दारावर लिंबू बांधलं. चंद्रीनं लिंबू दोऱ्यासकट खाल्लं.

त्याच संध्याकाळी गोठ्याच्या कुडामागून त्याला बारीक आवाज आला. "चंद्री, कम हिअर." घुंगरं वाजली. "सिट डाऊन." धप्पकन काहीतरी बसलं. "थँक यू." रत्नीच्या हातातला गुळाचा खडा चंद्रीनं अलगद उचलला. चार महिने हेच चाललं होतं. जगात एकच प्राणी तिच्या इंग्रजीला हसत नव्हता, आणि त्या प्राण्यानं इंग्रजी मन लावून शिकून घेतलं होतं.

शहाण्या माणसानं तिथून हळूच पाय काढला असता. पण इंग्रजी शिकून पाटलिणीसारखी ऐसपैस बसलेली म्हैस बघून रुद्राप्पाचं हसू फुटलं. रत्नीचं तोंड मिटलं.

"रत्ने, चुकलो गं. पाडव्याला तूच बोलीव तिला."

"न्हाय. लोकं हसत्यात."

"मग मला तरी शिकीव की!"

तीन दिवस रत्नीनं मामाला शिकवलं. चार वाक्यं होती, पण ती पाठ करताना त्याला थंडीच्या दिवसांत घाम फुटायचा. रत्नी मात्र एकदाही हसली नाही.

पाडव्याला नदीकाठी मुंगीला शिरायला जागा नव्हती. केरबाच्या म्हशीनं झोकात मुजरा केला. मग रुद्राप्पाची पाळी आली. त्यानं मिशीला पीळ दिला, छाती भरून घेतली, आणि घाबरून भलतंच ओरडला, "सिट डाऊन!"

चंद्री पलीकडच्या टोकाला, झेंडूच्या ढिगात, मजेत बसली.

लोक पोट धरून हसायला लागले. "गवळी विलायतेला निघाला रं!" कुणीतरी ओरडलं. "न्हाव्याला बोलवा!" केरबानं हाळी दिली. म्हशीला उठवायचं कसं? शब्द सकाळपर्यंत पाठ होता, आता डोक्यात नुसता धूर. आयुष्यभर दुसऱ्यांना हसलेल्या त्या माणसाला तेव्हा कळलं, की चार माणसं हसली की तोंडातले शब्द कुठं जातात. त्याला रत्नीकडे बघायची लाज वाटली.

रत्नीच गर्दी फोडून पुढे आली. कमरेवर हात ठेवून ती कडाडली, "हसायचं न्हाय! त्यो नवीन हाय अजून!"

काठावरची माणसं माना वळवून पोरीकडे बघायला लागली. गर्दीत उभ्या असलेल्या बागवान बाईंनी तोंडाला पदर लावला.

"चंद्री, स्टँड अप," रत्नी म्हणाली. चंद्री उठली. "कम हिअर." घुंगरं खळखळवत, फुलं तुडवत ती थेट रत्नीपुढे आली. "सिट डाऊन." पुढचे पाय मुडपले. "थँक यू," रत्नीनं म्हटलं आणि गूळ काढला.

"हे चालायचं न्हाय!" केरबा उसळला. "म्हैस मालकाचं कुठं ऐकतीया? पोरीचं ऐकतीया!"

पंच होते म्हातारे अण्णाप्पा. ते म्हणाले, "म्हैस जिचं ऐकती ती मालकीण. फेटा पोरीला."

फेटा रत्नीच्या नाकापर्यंत आला. पण रुद्राप्पाच्या डोक्याला तो बसलाच नाही, आणि केरबा असलं काही विसरणारा गडी नव्हता. तिथंच, नदीच्या पायरीवर, न्हाव्यानं वस्तरा पाजळला. मिशी गेलेला मामा बघून रत्नी हसली. कोल्हापुरात आल्यापासून एवढ्या मोठ्यानं ती पहिल्यांदाच हसली, आणि हसणं अगदी मामावर गेलं होतं.

"हास की," ओठावरून हात फिरवत रुद्राप्पा म्हणाला. "मी बी नवीन हाय आता."

सुट्टी संपताच रत्नी तोंडी परीक्षेत पास झाली. दुसऱ्या दिवशी बाई दुधाला आल्या. "उरलेली सहा मुलं अजून गप्पच आहेत. हेडमास्तरांनी त्यांना आठवडाभराची मुदत दिलीय. चंद्रीला सोमवारी शाळेत आणाल?"

"आणतो की! मी बी येतो."

"तुम्ही फाटकाबाहेर थांबा."

सोमवारी तो फाटकाबाहेर उभा राहिला. आतून एक अनोळखी आवाज आला, बारीक, चाचरत. "कम... कम हिअर." घुंगरं वाजली. रुद्राप्पानं सवयीनं टॉवेल तोंडात कोंबला. हसू काही आलं नाही, म्हणून त्यानं त्याच टॉवेलनं डोळे पुसले.