मधल्या दाराची कडी

आमच्या मधल्या दाराला कड्या दोन होत्या. एक माझ्या बाजूनं, एक मालनच्या. लावत कुणीच नव्हतं. सुतारानं बसवल्या म्हणून होत्या.

मालन माझी धाकटी जाऊ. हर्सूलच्या अंगानं आमची जमीन होती, ती प्लॉटिंगमध्ये गेली. तेव्हा आमच्या मालकांनी, तात्यासाहेबांनी, आणि त्यांच्या धाकट्या भावानं, अप्पारावांनी, पाठीला पाठ लावून दोन घरं बांधली. माझ्या घराचं तोंड रस्त्याकडं, तिच्या घराचं मागच्या गल्लीत. मधी एक भिंत आणि भिंतीत हे दार. बांधावरचा साग तोडून केलेलं. मिठाची वाटी, शिळी भाकर, भांडण, सगळं त्या दारातनं इकडंतिकडं जायचं. चप्पल मात्र कधी गेली नाही. घरातल्या घरात चप्पल कोण घालतं?

आखितीला, म्हणजे अक्षयतृतीयेला, दाराला जवसाचं तेल पाजायचं ही मालकांची रीत. दार सताड उघडायचं, कोमट तेल वाटीत घ्यायचं, जुन्या लुगड्याचा बोळा करायचा. मालक सांगायचे, "आधी कडा घ्या. वरची, खालची. पाणी तिथनंच शिरतं लाकडात." ते गेले, मागोमाग अप्पाराव गेले, तरी आम्ही दोघी जावांनी ते सोडलं नाही. ती तिच्या बाजूनं घासायची, मी माझ्या. मधी दार असलं तरी तोंडं चालूच.

"बाई, तुमच्याकडं खाली डाग राहिला बघा."

"माझ्याकडचा डाग शोधायला चष्मा लागंल तुला."

"आणि तुम्हाला तुमचा दिसायला आरसा."

असली जीभ. माझ्याच हाताखाली तयार झालेली, म्हणून मला राग यायचा नाही. तोवर.

मग दुष्काळ पडला. एका वर्षाचा नाही, वर्षामागं वर्ष. हर्सूलच्या तळ्यात पोरं क्रिकेट खेळायला लागली. आजूबाजूला बिल्डिंगा मात्र वर वर चाललेल्या. त्यांना पाणी कुठनं मिळायचं देव जाणे. माझ्याकडचा बोअर आटला. मालनच्या अंगणातला घटकाभर चालायचा. तिच्याकडनं मी पाणी आणायची, मधल्या दारानं, हंड्यानं.

त्या कोरड्या हवेनं दार सुकत गेलं. फळ्या आक्रसल्या, फळीफळीत फटी पडल्या. चौकटीत आणि दारात करंगळी जाईल एवढं अंतर. तिकडचा दिवा इकडं दिसायचा. तिकडचं बोलणं इकडं यायचं.

चैतातली दुपार होती. मी दाराजवळ गहू निवडत बसलते. मालन तिच्या सुनेला सांगत होती आणि शब्दन् शब्द माझ्या ताटात पडत होता.

"पाणी आपलं आणि मिजास त्यांची. हंडा भरून नेतात, पण तोंडातनं एक गोड शब्द नाही. जसं काही आपणच त्यांच्या दारात उभं."

खोटं काय बोलली? गोड शब्द माझ्या तोंडातनं कुणालाच गेला नाही, मालकांनाही नाही. पण मी थोरली. या घरात ती आली तेव्हा तिला चुलीत फुंकर मारता येत नव्हती. तिच्या पहिल्या बाळंतपणात तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते सगळं एका हंड्यात बुडालं म्हणायचं का? त्या दिवसापासनं मी तिच्याकडचं पाणी बंद केलं. टँकरवर रांगेत उभी राहिले. या वयात.

आखिती आली. मालननं हाक दिली नाही, मी दिली नाही. मी मोतीराम सुताराला बोलावलं.

मोतीराम कधीकाळी बरा सुतार होता. आता नव्या फ्लॅटांना सनमायकाची दारं बसवून बसवून त्याचा हात सपाट झाला. त्याला म्हणलं, "भुसा आणि सरस कालव, एकूण एक फट बुजव. आणि कडंला पट्टी मार. उजेडाचा दोरासुद्धा दिसला नाही पाहिजे."

"व्हय बाई," म्हणाला. मी काहीही सांगितलं तरी तो "व्हय बाई" म्हणायचा. पट्टी ठोकली, रंधा मारला, दार चौकटीत असं बसवलं की कागद जाणार नाही. मग मी बाजारातनं तपकिरी ऑइलपेंट आणवला.

सायली, माझी सून, डबा हातात घेऊन उभी राहिली. "आत्याबाई, या दाराला तर तुम्ही तेल पाजता ना? हा रंग कशाला?"

"तेल पाजायचं तर दार उघडावं लागतं. कडा घ्याव्या लागतात."

"मग उघडू की."

"मला उघडायचं नाय."

"आणि काकूंकडची बाजू?"

"त्यांची त्यांना."

लावलेल्या दारावरच रंग दिला, माझ्याकडनं तेवढा. चकचकीत झाला. शेजारपाजारच्या बाया बघून गेल्या. मालनच्या घरातला आवाज तेव्हापासनं यायचा थांबला. पहिले काही दिवस मला ते बरं वाटलं. नंतर संध्याकाळी मी उगाच त्या भिंतीजवळ गहू घेऊन बसायची. निवडलेलेच गहू.

त्या साली पाऊस आला. आला तो राहिलाच. तळं भरलं, बोअरला पाणी चढलं, भिंतींना ओल आली. पाण्यावरनं झालेला राग पाणी आल्यावर कशाला धरायचा? मी पंचमीची वाट बघत होते. नागपंचमीला मी पुरणाचे दिंड करते आणि मालनला माझ्याच हातचे लागतात. तिचे फुटतात.

ताट भरलं. वर तूप सोडलं. माझ्याकडची कडी काढली आणि दार ओढलं.

हललं नाही.

परत ओढलं. जागचं तसूभर सरकलं नाही. आतनं कुणी धरून ठेवावं तसं घट्ट. मला वाटलं, तिनं तिकडनं कडी लावली. दुसरं काही मनात आलंच नाही. इतकी वर्षं पाऊस नव्हता, सागसुद्धा पाणी पिऊन फुगतो हे डोक्यातनं पार गेलेलं. मालक असते तर चौकटीवर नुसता हात फिरवून सांगितलं असतं. मी मात्र बोलणं ऐकलेलं ना, म्हणून कडीच दिसली मला.

सायली मागं उभी होती. "मी गल्लीनं जाऊन देऊन येते, आत्याबाई."

"काही गरज नाय."

"अहो, दोन मिनिटांचं—"

"पाहुण्यासारखं गल्लीनं जायचं, बेल वाजवायची, आणि ताट द्यायचं? ज्यानं कडी लावली त्यानं काढावी."

दिंड आम्हीच खाल्ले. शिवराज, माझा लेक, म्हणाला, "आई, तूप जास्त झालं का?" मी ताटं उचलली.

दसरा गेला. मग कळलं, तेही दुसऱ्याकडनं, की मालनच्या लेकानं, रामकिसननं, घर विकलं. त्याची कंपनी वाळूजला, रोजचं जाणंयेणं परवडत नव्हतं. बजाजनगरला फ्लॅट घेतलेला. घेणारा कुणी फुलंब्रीकडचा होता, त्याला घर पाडून वर मजले चढवायचे होते.

ज्या दिवशी टेम्पो भरला, त्या दिवशी आमच्या पुढच्या दाराची बेल वाजली. मालन उंबऱ्याशी उभी. पायात चप्पल. चप्पल बाहेर काढून ती आत आली आणि खुर्चीच्या टोकाला बसली, वसुलीला आल्यासारखी.

"चहा टाकते," मी म्हणलं.

"नको बाई. टेम्पो उभा आहे."

मग तिची नजर मधल्या दाराकडं गेली.

"चांगलं रंगवलंत."

"तुझ्याकडनं कसं दिसतं?"

"आमच्याकडनं लाकूडच दिसतं. जसं होतं तसं." थांबली. "ज्याला जे झाकायचं ते त्यानं झाकावं. आपण कोण बोलणार?"

"बोलायची सवय तुला जुनी आहे, मालन."

तिचं तोंड उतरलं. मला तेव्हा दिसलं, आणि दिसूनही मी पुढं बोललेच. "आणि कड्या लावायची नवी."

"मी?" ती उठली. "थोरल्या आहात म्हणून ऐकून घेते. लावणारालाच ठाऊक कुणी लावली ती."

वाकून पाया पडली. मी आशीर्वाद पुटपुटले की नाही, आठवत नाही. चप्पल घालायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. गुडघे दुखत होते तिचे. मी हात पुढं केला नाही.

हिवाळा गेला. ऊन तापलं. वैशाख लागायच्या आत नव्या मालकाचा माणूस येऊन सांगून गेला, मधली जागा विटांनी बुजवणार, दार पाहिजे तर काढून घ्या. साग आमच्या बांधाचा. मी कशाला सोडते? शिवराजला म्हणलं, सुतार बोलाव, तिकडनं कडी लावलीय, फोडावी लागंल.

"आधी ओढून तर बघ, आई."

"बघितलंय मी."

तरी त्यानं माझी कडी काढली आणि दोन बोटांनी दार ओढलं. रंगाची पापडी कडकडली आणि दार उघडलं. एवढ्या सहज की तो मागं धडपडला.

समोर रिकामं घर. भिंतीवर कॅलेंडरच्या जागेचा पांढरा चौकोन. मी दार फिरवून तिच्या बाजूनं बघितलं. तिची कडी खाली लोंबत होती. ज्या भोकात ती बसायची, त्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं, वाळून दगड झालेलं. ती कडी कुणीच कधी लावलेली नव्हती.

आणि लाकूड काळंभोर, तेल प्यालेलं. त्या आखितीलाही तिनं एकटीनं आपली बाजू केली होती. कडा मात्र कोरड्या. बंद दाराच्या कडा कोण कशा घेणार? हाताच्या उंचीवर, जिथं दार चौकटीला भिडतं, तिथं ओरखडे होते. उलथन्याचे. कपड्याचा साबण फटीत घासून घासून बसलेला, पिवळा. दार अडकलं की मालक असाच साबण घासायचे. तिनं ते ध्यानात ठेवलेलं.

सायली हळूच म्हणाली, "काकू उघडायला बघत होत्या, आत्याबाई."

"मला डोळे आहेत," मी म्हणलं.

मग शिवराजला फोन लावायला लावला.

"मालन, तुझी कडी लागलेली नव्हती."

तिकडं कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "मी तेच तर सांगत होते. मग तुमची होती ना?"

"नाय. मी पंचमीला काढली. दिंड घेऊन उभी होते."

"दिंड?" तिचा आवाज बारीक झाला. "मी पोळ्याला आलते. ढकलून ढकलून खांदा दुखला. उलथनं वाकलं माझं. हाकसुद्धा मारली, बाई."

"ऐकू आली नाही. फटी बुजवल्या होत्या मी."

"मग लावलं काय होतं दाराला?"

"काही नाय. पाऊस झाला, लाकूड फुगलं."

तिनं तिकडं सुनेला गॅस बंद करायला सांगितलं.

"परवा आखिती," मी म्हणलं. "तेल आणते. ये. शिवराज गाडी घेऊन येईल."

"आणि कुठल्या बाजूला बसू, बाई? माझी बाजू आता दुसऱ्याची." मग जरा हसली, तिचं ते नेहमीचं. "माझ्याकडचं तेल खरवडू नका बरं. तुमच्याकडचा डाग तेवढा काढा."

आली नाही. गुडघ्याचं कारण होतं, ते खरंही असेल. विटांचं काम झालं. दार आता माझ्या अंगणात दोन खुर्च्यांवर आडवं आहे. माझ्या बाजूचा रंग मी काचेच्या तुकड्यानं खरवडते, मग पॉलिशपेपर मारते. निघता निघत नाही. रेषांमध्ये जाऊन बसलाय. हाताची सालं निघाली. पालथं करून मालनच्या बाजूला बोळा लावला की लाकूड मुकाट तेल पितं. चारी कडा मी रोज घेते. त्यांना आता कुठल्या चौकटीत बसायचं नाही, तरी घेते.