वेडे झालेले घड

शोवा छत्तीस, म्हणजे १९६१चा मे महिना. जपानात यामानाशीच्या उतारावर आमच्या घरामागे तुती होती. माझ्या हट्टापायी ती उपटून द्राक्षांचा मांडव घातला होता. सासूबाई तोमे यांनी जन्मभर तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे पोसले, त्यामुळे त्यांनी मला ते कधी माफ केलं नाही. माझे यजमान यासुनोरी दोघींसमोर सारखीच मान डोलवत. शेवटी ठरलं, यंदा बिनबियांची द्राक्षं धरली तर मांडव राहील, नाही तर पुन्हा तुती.

बी घालवायचं औषध नवीन होतं, जिबरेलिन. शेतकी खात्याचे अमेमियासाहेब समजवायला आले. भाताच्या रोपवाटिकेत एखादं रोप उगाच उंच, फिकट वाढतं, त्याला आमच्याकडे वेडं रोप म्हणतात. ते म्हणाले, "त्या रोपावरच्या बुरशीतून झिरपणारा एक थेंब पेशींना निरोप देतो, ताणा, ताणा. तोच निरोप फुलायच्या आधी घडाला मिळाला तर बी धरत नाही."

"म्हणजे वेड्या रोपांचा रस माझ्या घरच्या फळाला?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर खाली भातशेतीत; वेडी रोपं उपटण्यातच त्यांचं लहानपण गेलं होतं.

"वेळ मात्र बावीस तारखेपर्यंतच," साहेब म्हणाले. "औषधाच्या पाण्यात एक घड एकदाच बुडवा. दोनदा बुडवलात तर दांडा लाकडासारखा होतो. म्हणून पाण्यात खायचा लाल रंग घाला, बुडवलेला घड लाल दिसेल."

सतरा तारखेला वडिलांना बरं नव्हतं म्हणून मी माहेरी गेले. संध्याकाळी परत येऊन पाहते तर निम्मं औषध संपलेलं आणि मांडव सगळा हिरवाच!

"रंग कुठाय?"

"लग्नाला लागला," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या भावाच्या नातीच्या लग्नासाठी लाल-पांढरे गोड उकडीचे गोळे करायचे होते. "औषध पाण्यात असतं, रंगात नाही. मी काय अडाणी आहे?"

"अहो आई, मग बुडवलेले घड कोणते?"

"मी विहिरीकडून निघाले. मग मान दुखली म्हणून सावलीतले केले. मग हा आला."

मी यजमानांकडे वळले. "तुम्ही कुठून सुरू केलंत?"

"मधूनच," ते म्हणाले, "जिथे उंची बरी होती तिथून."

दोन हजार घड, आणि कोणाला काही आठवेना! मी कपाळाला हात लावून विहिरीच्या कट्ट्यावर बसले. सगळे पुन्हा बुडवावेत तर निम्म्यांचे दांडे लाकूड होणार. नाही बुडवले तर निम्म्यांत बी. साहेबांना फोन केला, तर ते म्हणाले, "ताणलेले दिसले की ओळखू येतील. पण तोवर बावीस तारीख उलटेल हो."

तीन दिवस मी पट्टी घेऊन घड मोजत होते. सगळे सारखेच दिसायचे. सासूबाई ओसरीवर बसून ऐकवायच्या, "तुतीचं पान मोजावं लागत नाही."

एकवीस तारखेला सकाळी मी पट्टी फेकून दिली. सासूबाई उठल्या, भाताच्या काड्यांची जुडी काखेत घेऊन मांडवाखाली गेल्या. घड पकडायच्या, दांडा दोन बोटांत फिरवायच्या, सोडून द्यायच्या.

"काय करताय?"

"हा वेडा झालाय. हा पण. हा शहाणा आहे." शहाण्या घडावर त्यांनी काडी अडकवली. "वेडं रोप आधी गुडघ्यापाशी, म्हणजे पेरापाशी ताणतं, मग उंच होतं. उंच झाल्यावर कोणीही ओळखील. आम्ही आधी उपटायचो."

"हे तुम्हाला येत होतं, तर तीन दिवस बोलला का नाहीत?"

"तू मोजत होतीस ना? मला वाटलं, पट्टीला जास्त कळत असेल."

मला रडावं की ओरडावं ते कळेना. तुती परत यायला त्यांनी नुसतं गप्प बसणं पुरे होतं, बस्स. संध्याकाळपर्यंत त्या हात वर करून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी शेजारून रंग उसना आणला आणि काडीवाले घड तेवढे औषधात बुडवून लाल केले.

ऑगस्टमध्ये द्राक्षं काढली. बी निघालं फक्त एकोणीस घडांत.

"ते त्याने मधूनच सुरू केलेले," सासूबाई म्हणाल्या. एक द्राक्ष तोंडात टाकून त्या बराच वेळ चघळत राहिल्या. "आता थुंकायचं काय?"

मांडव राहिला. अमेमियासाहेबांची पुढच्या वर्षी बदली झाली. नवीन वर्षाचं त्यांचं कार्ड मात्र वीस वर्षं येत राहिलं. ज्या मुलीचं लग्न होतं तिला तीन मुलगे झाले. यासुनोरी गेले त्याला अकरा वर्षं झाली. शेवटपर्यंत ते मधूनच सुरू करायचे. सासूबाई १९७४ साली गेल्या. विहिरीजवळची एक वेल औषध न लावता ठेवायची, असं त्यांनी बजावलं होतं. तिची द्राक्षं मी अजून खाते आणि त्यांच्या नावाने बिया थुंकते. मान माझीही दुखते आता, पण शहाणा घड मला बोटांनी ओळखता येत नाही. त्यांनी तेवढं शिकवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.