काळीच्या पिल्लांची हगवण

"माझ्या पिल्लांच्या पोटात विष घातलंय ते चावडीनं. मी तोंडावर सांगते, अन् पाठीमागंबी सांगते."

केवळाबाईनं हे आडावर, बायांच्या देखत, घागर भरता भरता सांगितलं. बायांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग आपापल्या घागरीत पाहिलं. चावडीत लेव्हीचा साहेब उतरला होता. निजामाचं राज्य, लढाईचे दिवस, आणि हा रयतेच्या घरातलं धान्य उचलायला आलेला. त्याचं नाव कोणी घेत नसे. 'ते' म्हणायचं आणि चावडीकडं हनुवटी उडवायची, एवढंच.

काळी ही केवळाबाईची कुत्री. मुरुडच्या वाटेनं लेव्हीच्या गाड्या ओढ्यात उतरल्या की पहिली भुंकणार ती काळी. तिच्यामागं गल्लीतली सगळी कुत्री उठत, आणि गाड्या वेशीत येईपर्यंत घराघरातली लेकरांच्या पोटापुरती ज्वारी भिंतीआड जाऊन बसे. याला चोरी म्हणत. ज्यानं पेरलं त्यानं खायला ठेवलं तर चोर, आणि ज्यानं जन्मात तिफण धरली नाही त्यानं भरून नेलं तर सरकार. कुत्र्यांना हा कायदा कळत नव्हता, म्हणून ती भुंकत.

ती काळी व्याली होती. पिल्लांचे डोळे उघडले, ती गोठ्यात लुडबुडायला लागली, आणि एका सकाळी केवळाबाई बघते तर पोत्यावर सगळीकडं पिवळं पाणी. आंबूस वास. एरवी सगळ्यांना तुडवून आईला लुचणारं तांबूस पिल्लू कडेला मान टाकून पडलेलं. तिनं त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"आवो, हे सुकून चाललंय," तिनं नवऱ्याला हाक मारली.

किशनरावांनी बैलांना वैरण टाकता टाकता मान वळवली. "कुत्र्याचं पिल्लू हाय. दोन मरतील, दोन जगतील."

"तुमच्या आईनंबी तुमच्याबद्दल असंच म्हणलं असतं तर?"

किशनराव पुन्हा वैरणीकडं वळले. आणि त्याच दुपारी दवंडी आली. कोतवाल सटवाजीनं डफडं बडवलं: कुत्र्यांत हैजा, हगवणीचा रोग शिरलाय, अमुशेला गावातली समदी कुत्री मारायचा हुकूम हाय, कुणी लपवलं तर दंड.

केवळाबाई दारातच थबकली. सकाळी पिल्लं हगली. तिनं नवऱ्याला सांगितलं, सून शिवकन्येनं पोतं धुतलं. चौथ्या कानाला पत्ता नाही. मग चावडीला दुपारपर्यंत कसं कळलं? ज्यानं घातलं त्यालाच कळणार की!

तिथून तिचा संशय मोकाट सुटला. गावाची रीत अशी की कुत्री व्याली तरी बाळंतीणच. शेजारपाजारच्या घरांतून तेलगुळाचा शिरा येतो. केवळाबाई आता प्रत्येक वाटी नाकाला लावून हुंगू लागली. "काय घातलंय यात?" असं तोंडावर विचारू लागली. एक शेजारीण वाटी तशीच परत घेऊन गेली आणि जाता जाता म्हणाली, "तुज्या कुत्रीपेक्षा तूच जास्ती चावून राहिलीस."

किशनराव चावडीत जाऊन हात जोडून आले. साहेब मोठ्या मनाचा निघाला. म्हणाला, अमावस्येला कुत्री आणि पिल्लं चावडीत आणून दाखवायची. हगवण थांबलेली असली तर तेवढं घर सोडू. नसली तर पहिला विषाचा गोळा काळीलाच.

मग केवळाबाईनं पदर खोचला. काळीचा शिरा बंद, बाहेरची वाटी बंद. पिल्लांना आईचं दूध तेवढं चालू. पाणी उकळून गार करायचं, त्यात चिमूटभर मीठ आणि गुळाचा खडा, आणि चिंधीची वात भिजवून थेंब थेंब ओठाच्या कडेनं सोडायचं. एकदम ओतलं की ठसका लागून नाकात जातं. सणासाठी ठेवलेल्या तांदळाची पातळ पेज, ताकाची वरची निवळी. खालचं पोतं ओलं झालं की बदलायचं, चुलीतली राख पसरायची, आणि पिल्लांना उबेला ठेवायचं. किशनरावांनी अफू सुचवली. "तिळाएवढी दे. लगी थांबतंय."

"हगणं थांबल, अन् श्वासबी. मला झोपवायची न्हाईत, जगवायची हाईत."

संध्याकाळपर्यंत पिल्लं सावरत. तांबूस पिल्लू मान उचलून वात चोखू लागे. आणि सकाळी बघावं तर पुन्हा पिवळं पाणी. एकदा झालं, दोनदा झालं. म्हणजे कोणीतरी सकाळी येत होतं. केवळाबाई हातात खुरपं घेऊन कडब्याच्या गंजीआड दबा धरून बसली. चावडीचा शिपाई आला तर त्याचं मनगटच धरायचं तिनं ठरवलं होतं.

धारा काढून झाल्या. गोठ्याचं दार करकरलं. आत आली ती शिवकन्या, पदराआड वाटी घेऊन. बसली, आणि एकेक पिल्लू जवळ ओढून पाजू लागली. तांबड्याला तर मांडीवरच घेतलं.

"शिवकन्ये!"

वाटी उपडी झाली. दाट पिवळसर दूध पोत्यावर पसरलं. म्हशीचा चीक.

घरची म्हैस नुकतीच व्याली होती. चिकाचा खरवस गल्लीभर वाटूनही चरवीत चीक उरत होता.

"आत्या, तुमीच म्हणलात, बाळंतिणीला काय कमी करू नको म्हणून. चीक तर लई ताकदीचा. रेडकू त्याच्यावरच उभं राहिलं की!"

"आगं, ते म्हशीचं पोट! ह्ये बोटाएवढ्या आतड्याचं पिल्लू, त्येला म्हशीचा कच्चा चीक? माणसाच्या लेकराला वाटीभर जादा झाला तरी परसाकडं पळतंय. अन् पदराआड कामून?"

"तुमी कुनाची वाटी जवळ येऊ देत न्हाईत. मला वाटलं, उपाशी मरतील."

शिवकन्या रडू लागली. केवळाबाईचं खुरपं हातातल्या हातात राहिलं. राग आला तो सुनेचा नव्हे. आडावर गाजवलेला स्वतःचा आवाज तिला आठवला. किशनरावांनी ऐकलं आणि मिशीत हसून विचारलं, "मग? चावडीनं तुझ्या म्हशीलाबी फितवलं वाटतं?"

तिनं उपडी वाटी उचलली. चीक बंद झाला, पेज चालू राहिली, आणि पिल्लांची हगवण आवळत आली. घरातला तांदूळ मात्र संपला. मुरुडच्या बाजाराचा दिवस होता. केवळाबाई मलप्पाच्या दुकानात गेली. मलप्पा किराणा विकायचा आणि झाडपाल्याची औषधंही ठेवायचा.

"जुना तांदूळ दे, मलप्पा. कुत्र्याच्या पेजेला पायजे."

मलप्पा हसला. "तुमच्या गावात कुत्र्याची लई चैन हाय बाई. एकजण तांदूळ नेतंय, एकजण कुचला."

"कुचला? ते जहर कुनी नेलं?"

"चावडीच्या शिपायानं. चांगला पिशवीभर. मी म्हणलं, एवढे उंदीर हाईत का तुमच्या चावडीत? तर म्हणला, 'उंदीर न्हाई, कुत्री. साहेबाचा हुकूम हाय.'"

"कवा?"

"गेल्या बाजारी."

केवळाबाईनं तांदूळ पदरात बांधला. गेल्या बाजारी पिल्लं ठणठणीत होती. गेल्या बाजारी म्हैस व्यायचीच होती. वाटभर ती हेच उलटून पालटून बघत आली. विष चावडीनं घातलं नव्हतं, हे खरं. पण पिल्लं हगायच्या आधी घालायची तयारी होती, हेही खरं. किशनराव चावडीत गेले, आपल्या तोंडानं हगवण कबूल करून आले, आणि हैजाला पुरावा मिळाला.

अमावस्येला चावडी भरली. कोपऱ्यात झाकलेली परात होती. तिच्यात पिठाचे गोळे आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. केवळाबाई टोपलीत पिल्लं घेऊन आली, मागं काळी. तिनं टोपली साहेबाच्या सतरंजीवरच ठेवली. पिल्लं बाहेर सांडली. तांबडं पिल्लू हुंगत हुंगत साहेबाच्या जोड्यापाशी गेलं, गोल फिरलं, आणि तिथंच बसलं.

"ए, उठाव उसको!" साहेब ओरडला.

"थांबा सायेब. तुमीच दाखवा म्हणला होतात. बघा नीट."

लोक माना लांब करून बघू लागले. घट्ट, चांगलं बांधलेलं लेंडूक होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "हैजा लई आवळून आला की!" आणि चावडी फिदीफिदी हसली. सटवाजीनंही डफड्यामागं तोंड लपवलं.

साहेबाचा चेहरा ताठला. "ठीक है. तुम्हारा घर छोड दिया. कुत्री घेऊन जा. बाकीच्यांची हुकमाप्रमाणं मरतील. हैजा आहे."

किशनराव बायकोचा दंड धरून कुजबुजले, "सुटली ना आपली? चल मुकाट."

केवळाबाईनं दंड सोडवून घेतला. एकटी काळी ओढ्यावर भुंकून काय उपयोग होता? गल्लीनं ती भुंक पुढं नेली नाही तर ज्वारी हालायची कधी?

"सायेब, मी आडावर तुमच्यावर आळ घेतला होता. तुमी पिल्लांना विष घातलं म्हणलं. ते खोटं. माझ्या सुनेनं मायेनं म्हशीचा चीक पाजला, त्यानं हगवण लागली. पेजेनं बरी झाली. हैजा न्हाई, काय न्हाई. माझं चुकलं ते मी चारचौघांत सांगितलं." तिनं तांबड्याला उचलून छातीशी धरलं. "आता तुमी सांगा. मलप्पाच्या दुकानातनं तुमच्या शिपायानं कुचला नेला, तवा माझी पिल्लं ठणठणीत होती. माझी म्हैसबी याली न्हवती. गावात हगवण न्हवती, तर पिशवीभर कुचला आणला कशाला? इकडं बघा सायेब, परातीकडं नगा बघू. कशाला आणला?"