बबिताची अर्धी गोळी

अर्धी

बबिताला गोळी सुरू झाली तेव्हापासून कासाबाईला चैन नाही.

गोळीसुद्धा पूर्ण नाही. अर्धी. दोघी सख्ख्या जावा, झरी गावात एकाच अंगणात दोन चुली. धाकट्या बबिताचा जीव अचानक घाबरा व्हायचा. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, आता मरते असं वाटायचं. तिचा नवरा हरिओम तिला परभणीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, हा घबराटीचा आजार. रोजची एक गोळी दिली, पण तिचा गुण यायला काही आठवडे लागणार. तोवर आधार म्हणून ही दुसरी, गुंगीची. संध्याकाळी अर्धी, थोडेच दिवस, कारण सवय लागते. आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही.

कासाबाईने हे सगळं ऐकलं. खुपलं ते वेगळंच.

दिवस मावळला की हरिओम ओट्यावर बसून गोळी मोडतो. अर्धी बबिताच्या तळहातावर ठेवतो. तांब्या पुढे करतो. ती गिळेपर्यंत बघतो.

गिळेपर्यंत. बघतो.

येडबाने, म्हणजे कासाबाईच्या नवऱ्याने, लग्नापासून तिच्यापुढे पाणी धरलं नव्हतं. मेंढरांपुढे धरतो.

एक

तिने धडधड सांगितली. मुंग्या सांगितल्या, त्याही बबिताच्याच शब्दांत. येडबा एका मेंढीच्या पायातला काटा काढत होता. त्याने काटा काढला.

मग टोमणे सुरू झाले. घाबरायलासुद्धा नशीब लागतं, असं ती भांड्यांना ऐकवू लागली. एका संध्याकाळी सरळ त्यालाच म्हणाली, "आमी दांडग्या. आमाला कोण इचारतंय? वाळक्या असतो तर आमालाबी अर्धी भेटली असती."

येडबा थबकला. मेंढरांना जंताचं औषध पाजायचं तर आधी वजनाचा अंदाज घ्यायचा. जड त्याला जास्त. वाळकी बबिता अर्धीची. मग कासाबाई? त्याने तिला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. किती वर्षांनी.

"तुला दोन लागतेत," तो म्हणाला.

दोन

पाकीट बबिताच्या कोनाड्यात होतं. ती आणि हरिओम दुकानाकडे गेलेले. येडबाने दोन गोळ्या काढल्या. डावा हात कासाबाईच्या हनुवटीखाली, अंगठा जबड्याच्या कोपऱ्यात, तोंड वर. गोळ्या. पाणी. मग दोन बोटांनी तिचा गळा वरून खाली चोळला, मेंढीचा चोळतात तसा.

"गेल्या का?"

गेल्या होत्या. तिने मान हलवली नाही. त्याने आणखी एकदा गळा चोळला.

सकाळ

कासाबाईने डोळे उघडले आणि

उरलेलं

दुपारी ती उठून बसली. जीभ जड, पाय लटपटत. येडबा तोंड चुकवून मेंढरं घेऊन गेला होता. उशाशी बबिता होती. तिनेच सगळं सांगितलं. हरिओमने फोन लावला, तेव्हा डॉक्टर लय चिडले. ही गोळी वजनावर देतात का, म्हणाले. कुशीवर झोपवा, श्वासावर लक्ष ठेवा, हाकेला ओ दिली नाही तर लगेच घेऊन या.

"तुमी ओ देत व्हता, बाई. हसलातबी एकदा. तुमचे मालक हाललेच न्हाईत. मेंढरं वाड्यात वरडायलेली, ते तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसले. चमच्यानं पाणी पाजलं."

कासाबाईने आठवून पाहिलं. गळ्यावरची बोटं. त्यापुढे कोरं.

डॉक्टरांनी सांगितलंय, मधलं आठवणार न्हाई, बबिता म्हणाली.

कासाबाई तिच्याकडे बघत राहिली. हिला रोजची अर्धी. आणि आता हेही हिनेच बघितलेलं, पूर्ण.

"काई बोलले का?"

"कासे म्हणत व्हते. सारखं."

लग्नापासून त्याने तिला नुसतं 'आगं' म्हटलं होतं.

"कसं म्हणले?"

बबिता जरा लाजली. मग आवाज खाली घेऊन, मऊ करून म्हणाली, "कासे."

"आसं न्हाई म्हणले आसतील," कासाबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.