हत्ती माझ्यातले पाणी प्यायला

मी एक जुना टब आहे, मित्रांनो. बिडाचा, आतून पांढरा, चार पायांचा. लुआंग्वा नदीकाठच्या एका महागड्या सफारी लॉजमध्ये, सात नंबरच्या तंबूसमोरच्या लाकडी ओट्यावर मी एकोणीस वर्षे काढली. आठ माणसांनी मला उचलून तेथे ठेवले, तेव्हा एकाचे बोट माझ्याखाली चेंगरले. मला काहीच वाटले नाही. बीड ते बीडच.

पाहुणे माझ्यात बसून नदीतले पाणघोडे पाहत आणि "काय सुख आहे!" म्हणत. मला भरण्याचे काम एस्नार्टचे. स्वयंपाकघरामागच्या चुलीवर पाणी तापवून ती बादल्या वाहायची. एका आंघोळीला अठरा बादल्या. वाहताना ती गात असे.

मग एका मार्चमध्ये मक्याची राखण करताना तिचा नवरा जायलोस हत्तीच्या पायाखाली गेला. मचाणावरून तिने ते पाहिले. अकराव्या दिवशी ती कामावर आली. गाणे तेवढे आले नाही. बादल्या मात्र अठराच.

त्या वर्षी नदीची डबकी झाली. ऑक्टोबरातल्या एका दुपारी, पाहुणे जेवायला गेले असताना, एक हत्ती थेट ओट्याशी आला. त्याचा उजवा कान फाटलेला होता. त्याने माझ्यात सोंड बुडवली. एस्नार्ट गार पाण्याची भरली बादली घेऊन दहा पावलांवर उभी होती. ती ओरडली नाही, पळाली नाही. पाणी संपले तसा हत्ती माझा तळ चाचपू लागला. एस्नार्ट पुढे आली, बादली माझ्यात ओतली आणि दुसरी आणायला गेली. तिकडे जेवणाच्या मंडपातून पाहुणे हे पाहून टाळ्या वाजवत आणि फोटो काढत होते.

दोन दिवसांनी वनरक्षक फाक्सन बंदूक घेऊन आला. तो जायलोसचा जुना दोस्त.

"वहिनी, जायलोसला मारणारा हत्ती फाटक्या कानाचा होता असं गाव म्हणतंय. हाच का? तुम्ही नुसतं हो म्हणा, आजच निकाल लावतो."

ती माझी कड पुसत राहिली.

"बोला की! गावाला मांसही मिळेल. भुकेचं वर्ष आहे."

"हा नाही."

"नीट बघितलंत?"

"दहा पावलांवरून बघितलंय, भाऊजी. हा नाही."

तो गेल्यावर धुणी वाळत घालणाऱ्या लोंजेमावशी जवळ आल्या.

"खरंच नव्हता गं?"

"होता."

"अगं बाई! मग?"

"मला वाटलं, राग येईल. वाट बघत उभी होते, मावशी. आलाच नाही. तहानलेला दिसला, एवढंच."

पाऊस येईपर्यंत ती रोज दुपारी हत्तीसाठी मला भरत राहिली. पाणी इथेच मिळाल्यामुळे तो गावच्या विहिरीकडे फिरकला नाही. फाक्सनने एकदा लांबून पाहिले आणि तो बंदूक खांद्यावर टाकून निघून गेला. डिसेंबरात नदी भरली आणि हत्ती पलीकडे गेला.

त्याच्या सुळ्याने माझा मुलामा उडाला होता. मालकांनी तांब्याचा नवा टब आणला. मी आता कोठारामागे पडून आहे. माझ्यात पाला साचतो, सरडे राहतात. थंडी-ऊन मला कळत नाही, म्हणून तक्रारही नाही.

माझा एक फोटो मात्र स्वागतकक्षात टांगला आहे. मी, हत्ती आणि कडेला बादली धरलेला एक हात. येणारा प्रत्येक जण हत्तीचे वय विचारतो. मित्रांनो, तुम्ही कधी तेथे गेलात तर एवढेच करा. तो हात कुणाचा, ते विचारा.