मादाम वदाद यांचं दार

मिहरिशाहच्या वडिलांचं तख्त जाऊन सहा वर्षं झाली होती. बैरूतच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड होतं. घराण्यातल्या कुठल्याच बाईने कधी नोकरी केली नव्हती, पण मुलींच्या शाळेतली फ्रेंच शिकवण्याची ही नोकरी मिहरिशाहला हवीच होती.

मुख्याध्यापिका मादाम वदाद यांनी दहाला बोलावलं होतं. ती वेळेआधीच त्यांच्या बंद दारापुढे ताठ उभी राहिली. पाठ केलेली वाक्यं ओठांवर नाचत होती. दहा वाजून गेले, तरी दार काही उघडेना.

महालापासून सोबत असलेली आणि अजूनही तिला 'हानिम', म्हणजे बाईसाहेब, म्हणणारी दासी नेवरेस धापा टाकत जिना चढून आली.

"अगंबाई, हानिम! तुम्ही अजून बाहेरच?"

"कुणी दार उघडत नाहीये गं."

"कोण उघडणार? इथे काय दरबान बसलेत?"

मिहरिशाहचे डोळे विस्फारले. महालात दरबान असायचे आणि इथे घरी नेवरेसच पुढे धावायची. आत्ताही तिने सवयीने हात पुढे केला.

"थांब! मी उघडते."

दार इतक्या जोरात उघडलं की मादाम दचकल्याच.

"उशीर केलात."

"नाही, मादाम. मी दारातच होते. दार आपलं आपण उघडायचं असतं, हे आत्ता कळलं."

मादाम खळखळून हसल्या आणि फ्रेंचमध्ये प्रश्न विचारू लागल्या. मिहरिशाहने एकही उत्तर अडखळत दिलं नाही.

बाहेर येताच तिने नेवरेसला गरकन फिरवलं.

"मिळाली! सोमवारपासून!"

"अहो हानिम, सोडा, पडेन मी!" नेवरेस हसता हसता रडायला लागली.