फळीवरचा बिल्ला

विधिमंडळाने ऊर्जेचा नवा कायदा संमत केला आणि कोळशावर चालणाऱ्या त्या वीजकेंद्राचे आयुष्य तिथेच संपले. वीज मंडळाने तेथील वीज घेणे थांबवावे आणि हरित निधीतून त्याच भूमीवर सौर पॅनेल उभारावीत, असे ठरले. मसुद्यात कामगारांच्या निर्वाहाचे एक कलम होते. अखेरच्या वाचनात ते गळाले.

ही वार्ता सांगायला आमदार स्वतः केंद्रात आले. ते फोरमनच्या थोरल्या बहिणीचे यजमान. "आपलीच माणसं आहेत, मेहुणे. दोन शब्द बोललो की शांत होतील," असे म्हणत ते ओट्यावर चढले. दुसरे वाक्य पुरे होण्याआधीच पहिली वीट त्यांच्या कपाळावर बसली.

मग माणसांचा लोंढा त्यांच्यावर कोसळला. चष्मा बुटांखाली चिरडला, बरगड्यांवर लाथा बसल्या. फोरमनने त्यांना घोळक्यातून सोडवून, बखोटीला धरून बॉयलरच्या दालनात ओढत नेले. दुरुस्तीसाठी बॉयलर थंड होता आणि भट्टीचे झाकण उघडे होते. आमदार, म्हणजे त्याचे दाजी, लपायला त्या भोकातून आत घुसले.

पाठोपाठ सगळे ज्याला पहिलवान म्हणत तो कामगार आला. भट्टीची ज्योत पेटवणे हे त्याचे काम. त्याच्या हाती लोखंडी पहार होती.

"आज भट्टी पेटवायचीच ठरली होती ना?" तो शांतपणे म्हणाला. "आत कोण गेलं, मी तर पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंत का रे?"

"मांजर असेल," कोणीतरी म्हणाले. घोळका हसला.

झाकणाशेजारी खिळे मारलेली एक फळी होती. भट्टीत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला तिथे टांगायचा. तो स्वहस्ते काढीपर्यंत ज्योतीला कोणी शिवायचे नाही. पहिलवानाचा बाप याच भट्टीत होरपळून गेला, त्यानंतर हा नेम पडला होता. दाजींकडे बिल्ला कुठून असणार?

फोरमनने स्वतःचा टांगला. त्याच क्षणी पहार त्याच्या उजव्या मनगटावर आली. हाड मोडल्याचा आवाज साऱ्यांनी ऐकला.

"बाहेर उभं राहून बिल्ला टांगतोस? खोटा आहे तो."

"खरं आहे तुझं," फोरमन कळ सोसत म्हणाला, आणि एका हाताच्या आधाराने आत उतरला.

आत राखेचा आणि रक्ताचा वास होता. दाजी भिंतीला टेकून कण्हत होते.

"दाजी, ते कलम कुणी काढलं?"

"मीच काढलं. ते ठेवलं असतं तर कायदाच पडला असता."

ज्या घरात दाजींपुढे कोणी आवाज चढवला नव्हता, त्या घरच्या मेहुण्याने डावा हात उचलला आणि थोबाडीत दिली. दाजींचा एक दात राखेत पडला. फोरमन मात्र बाहेर गेला नाही. तो बाहेर पडला असता तर ताईचे कपाळ उजाड झाले असते. तो त्यांच्या शेजारीच बसला.

बाहेर कोणी ओरडले, "काढा रे तो बिल्ला." पाठोपाठ पहार आपटली आणि एक किंकाळी उठली. नंतर पहिलवानाचा आवाज आला, "दोन बोटं गेली. अजून कुणाला हात लावायचाय?"

त्यानंतर त्या फळीजवळ कोणी फिरकले नाही. पोलिसांनी फाटक फोडले तेव्हा लाठ्या पडल्या, डोकी फुटली, घोळका पांगला. दाजींना उचलून नेले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

पोलीस आवारात धावाधाव करीत होते. फोरमन सावकाश बाहेर आला. त्याने डाव्या हाताने बिल्ला काढून खिशात टाकला. खांबाआडून पहिलवान पुढे झाला. त्याच्या कानामागून रक्त गळत होते.

"काढलास?"

"काढला."

"आत आता कुणी नाही?"

"नाही."

पहिलवानाने वाकून भट्टीत डोकावले, खात्री करून घेतली, आणि "नेम संपला. आता त्या आमदाराला वाचवलंस त्याचा हिशेब," म्हणत सरळ होता होता पहार उचलली. फोरमनला ती येताना दिसली. त्याचा डावा हात खिशातच होता, बिल्ल्यावर घट्ट मिटलेला.